परदेशातून होडीचं सामान स्वस्तात आणायचं, तर काय आणावं आणि काय इथेच घ्यावं?

गोदाकाठ | ९ मार्च २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याला टेकून आहे. पाणी चढलं की वस्तीवरची घरं एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला. पाणी उतरलं की लोक गाळपेरासाठी, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करायला, पलीकडे जातात. ही सगळी ये-जा थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर चालते. हातात फळी, पायाशी दप्तर आणि पावसाळ्यात दुपारनंतर सुटणारा वारा. मी ३१ वर्षं शिक्षकी केली. पोरांना काठावर सोडून परत फिरताना पोटात गोळा यायचा, तो आजही येतो.

मागच्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणाहून ६५० रुपयांना एक, अशी सहा लाइफ जॅकेटं आणली. संशय आला म्हणून एक उसवलं. आत टीव्हीच्या खोक्यात येतो तसल्या फोमचे तुकडे दोऱ्याने बांधून कोंबलेले होते. दुसरं जॅकेट हौदात दोन तास ठेवलं, तर बाहेर काढताना बादलीभर पाणी घेऊन आलं. ती सहाही जॅकेटं मी बाजूला काढली.

मुलगी हँबुर्गला असते. मी आणि सौ. २० एप्रिलला जाऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येतोय. तिकिटावर माणशी २३ किलोची एक बॅग आहे. गावातल्या तरुणांनी वर्गणी करून ६० हजार जमवलेत. यादी अशी: मुलांची आठ जॅकेटं, मोठ्यांची चार, हवा भरायची एक बोट, जमलं तर छोटं इंजिन. "सर, जर्मनीत सगळं निम्म्या किमतीत मिळतं," असं पोरं म्हणतात. ज्यांनी खरंच असं सामान आणलंय त्यांनी सांगावं.

---

विष्णुपुरी_ते_दुबई | ९ मार्च, रात्री ११:३५

सर, नमस्कार. मी मूळचा नांदेडचा, १४ वर्षं दुबईत बोटींच्या दुरुस्तीच्या यार्डात आहे. इंजिनाचं आधी सांगतो, कारण लोक तिथेच फसतात.

पेट्रोलचं वापरलेलं इंजिन विमानात चालत नाही. टाकी रिकामी केली, धुतली, तरी आत वाफ राहते आणि बॅग तिथेच अडते. एकदाही पेट्रोल न घातलेलं कोरं इंजिन काही विमान कंपन्या घेतात, पण आधी लेखी परवानगी लागते आणि लहानसं इंजिनसुद्धा तुमच्या बॅगेचं निम्म्याहून जास्त वजन खातं. विजेवरच्या मोटरचा अडथळा वेगळा. लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) वर गेली की विमान कंपनीला विचारावं लागतं, १६० च्या वर गेली की प्रवाशाला नेताच येत नाही. बोटीच्या मोटरची लिथियम बॅटरी बहुतेक वेळा याच्या कितीतरी पट असते. एका नामांकित जर्मन मोटरची बॅटरी ९१५ वॉट-अवरची आहे. मोटर घरी पोचेल, बॅटरी विमानतळावर राहील.

आणखी दोन गोष्टी चुकूनही बॅगेत टाकू नका. संकटात पेटवायच्या मशाली ही स्फोटकं आहेत, नव्या असोत की जुन्या. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन. युरोपात ते क्रीडासामानाच्या दुकानात उघड्यावर टांगलेलं दिसतं, पण आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानतळावर लोकांना अटका झाल्यात.

दुबईत काय स्वस्त? स्टेनलेसच्या कड्या, शॅकल (पिनेनं बंद होणारी जोडकडी), क्लीट (दोर अडकवायचा खुंटा), दोर, प्रोपेलर. तिथल्या देइरा भागातल्या जहाजी सामानाच्या दुकानांत हे किलोवारी पडलेलं असतं. पर्यटकाला ५ टक्के व्हॅट (खरेदीवरचा कर) परत मिळतो, त्यातलेही ८७ टक्केच, आणि प्रत्येक पावतीमागे ४.८० दिरहम कापून. किमान खरेदी २५० दिरहमची. म्हणजे ५०० दिरहमच्या सामानावर हातात पंधरा-सोळा दिरहम येतात. तेवढ्यासाठी रांगेत उभं राहायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

---

काळी_माती | १० मार्च, सकाळी ७:०५

सर, मी लातूरची. सहा वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होते, आता घरीच असते.

तिकडे 'बोट जंबल' भरतात, म्हणजे बोटींच्या जुन्या सामानाचा आठवडी बाजार म्हणा ना. हँपशायरमधल्या ब्यूलीचा त्यातला मोठा. लोक गाडीची डिकी उघडून वल्ही, नांगर, पुल्या, शिडाचं कापड मांडून बसतात. मला तिथे १५० न्यूटनची (तरंगवण्याच्या जोराचं माप, पुढे सांगते) दोन आपोआप फुगणारी जॅकेटं फार स्वस्तात मिळाली आणि मी ती मोठ्या हौसेने लातूरला आणली.

पहिल्याच पावसाळ्यात त्यातलं एक कपाटात फुगलं! त्यात मीठ विरघळावं तशी विरघळणारी एक गोळी असते. ती पाण्यात भिजली की स्प्रिंग सुटते आणि ३३ ग्रॅमची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायूची नळी फुटते. माझ्या गोळीची तारीख उलटून गेली होती आणि कपाटाला ओल होती. तेवढ्याच मापाची, त्याच बनावटीची गोळी आणि नळी मी पुणे-मुंबईपर्यंत शोधली. मिळाली नाही. दुसऱ्या जॅकेटची नळी काट्यावर ठेवली तर वजन तिच्यावर कोरलेल्या आकड्याहून कमी भरलं, म्हणजे गॅस हळूहळू गेलेला. अंगात घालून पाण्यात उतरले असते तर ते फुगलंच नसतं.

म्हणून मनापासून सांगते, गावासाठी फुगणारं जॅकेट आणू नका. फोमचंच घ्या. ते कुणाच्या देखभालीवर जगत नाही. विमानातही फुगणाऱ्या जॅकेटच्या नळ्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, बसवलेल्या दोन आणि सुट्या दोन एवढ्यालाच.

आता आकडे. युरोपात जॅकेटच्या आतल्या बाजूला ५०, १००, १५० किंवा २७५ असा न्यूटनचा आकडा छापलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा उचल. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असेल तिथे. त्यात बेशुद्ध माणसाचं तोंड वर राहील याची खात्री नाही. मुलांसाठी १०० चं, मानेमागे जाड गादी असलेलं आणि दोन्ही पायांमधून पट्टा जाणारं घ्या. तो पट्टा नसेल तर पोराला जॅकेटच्या खांद्याला धरून उचललं की जॅकेट वर येतं आणि पोर खाली सरकतं.

---

सिंदफणा | १० मार्च, दुपारी २:२०

राम राम सर. मी माजलगाव धरणावरचा. आमच्या मच्छीमार सोसायटीचं काम बघतो.

हवेची बोट कामून आणायलाव? आमी करून बसलोय. एका पाहुण्यानं परदेशातून आणून दिली होती, दोन माणसांची. दिसायला लई झकास. पहिल्या महिन्यातच बाभळीच्या खुंटावर बसली. धरण भरलं तवा झाडं उभीच बुडाली ना सर. वरून पाणी सपाट दिसतं, हातभर खाली वाळलेल्या फांद्या अन् काटे. वेड्या बाभळीचा काटा तर चपलेतून आरपार जातो, तिथं ह्या रबराचं काय घेऊन बसलात! भोक बुजवलं, पुन्हा पडलं.

काट्यानं राहिलेलं काम उन्हानं केलं. मे महिन्यात काठावर फुगवून ठेवली अन् जेवायला गेलो. आलो तवा शिवण उकललेली. हवा तापून फुगली अन् चिकटवलेला जोड सुटला.

तुमच्या पाण्यात तर वारा बी मोठा. हलकी बोट कागदासारखी वाहत जाती. आपली फायबरची होडी घ्या. जड असती, पण वाऱ्याला धरून राहती अन् फुटली तर गावात दुरुस्त होती. आमच्या सोसायटीची एक जुनी पडून हाय, तळ नीट करावा लागंल. बोलू आपण.

---

एल्बेकाठ | १० मार्च, संध्याकाळी ६:५०

सर, मी मूळचा अंबाजोगाईचा, नऊ वर्षं उत्तर जर्मनीत. वरचं सगळं पटलं. हवेच्या बोटींच्या पीव्हीसीच्या चिकटवलेल्या जोडांना ऊन सोसत नाही हे इथले दुकानदारही सांगतात. उष्ण प्रदेशात हायपॅलॉनच्या (एक कृत्रिम रबर) कापडाची बोट टिकते, पण तिची किंमत तुमच्या पूर्ण वर्गणीच्या वर जाईल.

कर परत मिळण्याबद्दल नीट ऐका, कारण यात बहुतेकांची गफलत होते. जर्मनीत १९ टक्के व्हॅट आहे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या पाहुण्याला ५० युरोच्या वरच्या खरेदीवर तो परत मिळू शकतो. पण एकतर बिल तुमच्या नावावर, पासपोर्ट दाखवून करायचं. मुलीच्या नावावर झालं तर काही मिळत नाही, ती इथली रहिवासी. वस्तू न वापरलेल्या हव्यात आणि निघताना विमानतळावरच्या कस्टमचा शिक्का हवा. आणि दुसरं, खासगी वाहनाची साधनसामग्री या सवलतीतून वगळलेली आहे. त्यात मौजेच्या बोटीही येतात. म्हणून नांगर, पंप, इंजिनाचे भाग यांवर परतावा मिळत नाही, आणि 'बोटीचं सामान' म्हटल्यावर बरेच दुकानदार फॉर्मच देत नाहीत. परतावा धरून हिशोब मांडू नका.

खरी स्वस्ताई दुसरीकडे आहे. इथे मुलं दर दोन वर्षांनी जॅकेटच्या मापातून बाहेर जातात. जॅकेटं वजनावर विकतात: १५ ते २०, २० ते ३०, ३० ते ४० किलो. लहान झालेली जॅकेटं लोक क्लाइनअंत्साइगन या जाहिरातींच्या संकेतस्थळावर आणि शिडाच्या होड्यांच्या क्लबातल्या फळ्यावर लावतात. दहा युरोला चांगलं मिळतं. घेताना फोम मुठीत दाबून बघा. सोडल्यावर लगेच मूळ आकाराला आला पाहिजे. खडखडीत लागला किंवा दबलेलाच राहिला तर सोडून द्या. रंग फार विटला असेल तर कापड उन्हानं कुजलेलं असतं, शिवणीला नख लावलं की कळतं.

निघायच्या आधी शाळेतल्या मुलांची वजनं करून या.

---

हिशोबी | ११ मार्च, सकाळी १०:१५

परभणीचा, मुंबईत कस्टममधून माल सोडवण्याच्या कामात.

हे मार्च २०२५ चं सांगतोय. २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्काविना आणता येतं. त्याच्या वर जेवढं जाईल तेवढ्यावर ३८.५ टक्के. तुमची आणि काकूंची मर्यादा वेगवेगळी आहे, दोन्ही एकत्र करून एका वस्तूवर लावता येत नाही. म्हणजे ८० हजारांची मोटर दोघांत 'वाटून' आणली असं होत नाही. तीस हजारांवर शुल्क बसेलच.

बारा जॅकेटं एकाच बॅगेत दिसली तर व्यापारी माल समजून विचारणा होऊ शकते. दोघांच्या बॅगांत विभागा, बिलं हातात ठेवा आणि मुख्याध्यापकांचं एक पत्र जवळ असू द्या. विचारलं तर जे आहे ते सरळ सांगायचं. किंमत कमी दाखवणारं बिल मागू नका. दुकानदार देईल, पण अधिकाऱ्याला बाजारभाव माहीत असतो.

मोटरबद्दल आणखी एक. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे यंत्रावरची बोट घालायची तर वनविभाग आणि जलसंपदा या दोघांकडे जावं लागेल, आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यांत्रिक बोटीची नोंदणी आलीच. वस्तू आणण्याआधी तिथे विचारा.

---

गोदाकाठ | १२ मार्च, रात्री ८:४०

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, मन भरून आलं. इंजिन आणि हवेची बोट यादीतून काढली. आज शाळेत जाऊन धान्याच्या काट्यावर पोरांची वजनं केली. आठ जणांपैकी एक १९ किलोचा, चौघं २० ते ३० मधली, तिघं ३० च्या वर. आतापर्यंत मी वयावरून माप धरत होतो. आमची चौथीतली पोरं पुस्तकातल्या चौथीपेक्षा हलकी आहेत.

सिंदफणा भाऊ, पुढच्या रविवारी होडी बघायला येतो.

एक प्रश्न राहिला. पोरं म्हणतात, बारा व्होल्टची विजेची मोटर बॅटरीशिवाय आणू आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवू. जमतं का?

---

विष्णुपुरी_ते_दुबई | १२ मार्च, रात्री १०:५५

जमतं सर, मासेमारीसाठी लोक तसं चालवतात. ३० पौंड जोराची मोटर पूर्ण वेगाला ३० अँपिअरच्या आसपास ओढते. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी निम्मीच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे फार तर अडीच तास. पण ती बॅटरी एका माणसाच्या वजनाची असते, वर आत आम्लाचं पाणी. चार पोरं बसलेल्या होडीत ती कलंडली तर काय होईल? मी तरी ठेवणार नाही. वरून परवानगीचा प्रश्न आहेच. वल्ह्यावरच राहा.

पैसे उरले तर फेकायचा दोर करा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो. १५ ते २० मीटर घ्यायचा, एक टोक कापडी पिशवीच्या बुडाला बांधायचं, बाकीचा गुंडाळी न करता नुसता भरत जायचा. पिशवी बुडणाऱ्याकडे फेकली की दोर आपोआप सुटत जातो. परदेशात याचे ३० युरो घेतात, माजलगावच्या बाजारात तीनशे रुपयांत होईल. फक्त उन्हात ठेवू नका, हा दोर उन्हानं पिठासारखा होतो. नांगराला मात्र नायलॉनच वापरा, तो ताणला जातो आणि झटका खातो.

---

गोदाकाठ | ११ जून २०२५, दुपारी ४:००

परत आलो, हिशोब मांडतो.

मुलांची पाच नवी जॅकेटं, १०० न्यूटनची, ३२ युरोला एक. तीन जुनी, १० युरोप्रमाणे. त्यातली दोन एका आजीबाईंकडून घेतली. नातवंडं मोठी झाली म्हणाल्या, आणि कशासाठी हवीत हे मुलीनं सांगितल्यावर चार शिट्ट्या वरून दिल्या. मोठ्यांची चार, ३८ युरोला एक. एकूण ३४२ युरो, म्हणजे साधारण ३३ हजार रुपये. कर परत मिळाला नाही, मागितलाही नाही. जुनी तिन्ही जॅकेटं मुलीच्या घराजवळच्या तलावात तासभर तरंगत ठेवून पाहिली, मगच पैसे दिले.

बॅग भरताना एक शिकलो. जावई हवा काढून घेणाऱ्या पिशव्या घेऊन आला होता. मी नको म्हटलं. फोम दाबून ठेवला तर त्यातली हवेची घरं चेपतात आणि उचल कमी होते. मोठ्या जॅकेटच्या आत लहान, त्याच्या आत आमचे कपडे, असं भरलं. वजन काहीच नाही, जागा मात्र सगळी गेली. मुंबईला बॅग उघडायला लावली. पत्र आणि बिलं दाखवली, अधिकाऱ्यांनी वाचली आणि जाऊ दिलं.

उरलेल्या पैशांतून माजलगावची होडी घेतली. तळाला फायबरचा नवा थर, दोन सागवानी वल्ही आणि वाहतूक मिळून २४ हजार लागले. हेच तिकडे घ्यायला गेलो असतो तर फक्त वल्ह्यांतच निम्मे पैसे गेले असते.

काल आठही पोरांना जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं. पट्टे बांधले, पाठीवर टेकायला सांगितलं. १९ किलोचा तो पोरगा आधी माझा हात सोडेना. मग मान मागच्या गादीवर टेकली, कान पाण्याखाली गेले आणि तो आभाळाकडे बघत तसाच पडून राहिला. काठावर त्याची आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

---

काळी_माती | ११ जून, संध्याकाळी ५:३०

सर, वाचून डोळे भरले. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत टांगून वाळवा आणि कुणालाही त्यावर बसू देऊ नका. होडीत लोक जॅकेट बुडाखाली घेतात, ते सगळ्यात वाईट.

---

गोदाकाठ | १४ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:२५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सप्टेंबरच्या शेवटी काय पाणी आलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच. जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि खालच्या अंगाची गावं पाण्यात गेली. आमच्याकडे फुगवटा काठोकाठ होता, पण घरं वाचली. मोठ्यांची चारही जॅकेटं आणि फेकायचा दोर पैठणच्या खाली साडूच्या गावी पाठवला. तिथल्या पोरांनी जनावरं सोडवायला आणि दोन म्हाताऱ्यांना वस्तीवरून काढायला ती वापरली. चारही परत आली, चिखलानं माखलेली. एकाचं बकल तुटलंय.

एल्बेकाठ, एक काम आहे. २५ मिलिमीटर पट्ट्याची बाजूनं दाबायची बकलं दहा-बारा हवीत. इथे मिळतात ती दप्तराची, ओढली की सुटतात. आणि आज पुन्हा वजनं केली. १९ किलोचा पोरगा आता २२ चा झाला, त्याचं जॅकेट काखेत काचतंय. २० ते ३० च्या मापाचं एक जुनं दिसलं तर घेऊन ठेवा, पैसे मुलगी देईल. त्याचं जॅकेट पुढे पहिलीतल्या त्याच्या बहिणीला होईल, ती १६ किलोची आहे.

---

एल्बेकाठ | १५ ऑक्टोबर, पहाटे १:१०

सर, बकलं उद्याच घेतो. जॅकेटही बघतो, आता इथे होड्या पाण्याबाहेर काढायचा हंगाम आहे, लोक अडगळ मोकळी करतात. आई-बाबा डिसेंबरात अंबाजोगाईला परत जाणार आहेत, त्यांच्या बॅगेत देतो. बहिणीच्या छातीचं माप टाका, म्हणजे आहे ते बसेल का ते आधीच बघता येईल.